‘सत्या’ (१९९८) मधील स्मरणीय प्रसंग : ‘भिकू म्हात्रे’ या नावाच्या अंगाने एक चिकित्सा

सारांश :

राम गोपाल वर्मा दिग्दर्शित ‘सत्या’ हा हिंदी चित्रपट ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला. मुंबईतील गुन्हेगारी विश्वावरील चित्रपटांत त्याला आज अभिजात कृतीचे स्थान प्राप्त झाले आहे. या चित्रपटाचा नायक सत्या असला तरी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिलेले बहुतेक प्रसंग भिकू म्हात्रे या पात्राचे आहेत. असे का व्हावे, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत लेखात निवडक प्रसंगांच्या आधारे घेतला आहे. ‘म्हात्रे’ हे आडनाव ज्या भूमीतील आहे, ती ठाणे-रायगडची किनारपट्टी चित्रपटात कोठेही येत नाही. या अनुपस्थितीचा अर्थ लावण्याचाही येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : गुन्हेगारीपट, नाव आणि ओळख, गावठाण, घर, जमाव, हिंसा.

प्रस्तावना :

एखादा चित्रपट लोकांच्या स्मरणात राहतो तो सलग कथेच्या रूपाने नव्हे, तर सुट्या प्रसंगांच्या रूपाने. कथानकाचे धागे काही वर्षांत विसरले जातात. एखादी मुद्रा, एखादा प्रश्न, एखादे बंद दार मात्र मनात राहते. साहित्याच्या अभ्यासात उताऱ्याचे जे स्थान, तेच चित्रपटाच्या अभ्यासात प्रसंगाचे आहे. परंतु उताऱ्याप्रमाणेच प्रसंगही संदर्भापासून तुटला की त्याचा अर्थ बदलतो, क्वचित उलटाही होतो. ‘सत्या’च्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. समुद्रकाठच्या खडकावर उभा राहून मुंबईचा राजा कोण, असा सवाल करणारा भिकू म्हात्रे महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतील नकलांपासून मित्रमंडळींच्या थट्टेपर्यंत सर्वत्र पोहोचला. मात्र पुढे हाच भिकू ज्या रीतीने मारला जातो, तो प्रसंग त्याच्याबरोबर तितका प्रवास करीत नाही. प्रेक्षकांनी भिकूचा प्रश्न लक्षात ठेवला आणि चित्रपटाने त्या प्रश्नाला दिलेले उत्तर विसरले.

चित्रपटाचे विस्मरण एवढाच हा प्रश्न नाही. ठाणे, कल्याण-डोंबिवली, पनवेल, उरण आणि अलिबाग या पट्ट्यात अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांच्या हजेरीपटावर ‘म्हात्रे’ हे आडनाव दरवर्षी असते. एका गाजलेल्या चित्रपटाने हे आडनाव देशभर नेले. ते कोणत्या अर्थाने नेले, हे तपासणे अभ्यासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

‘सत्या’ची पार्श्वभूमी :

‘सत्या’ची पटकथा सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी लिहिली. गीते गुलजार यांची, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचे आहे. छायालेखन जेरार्ड हूपर व मझहर कामरान यांनी केले. सत्याची भूमिका जे. डी. चक्रवर्ती यांनी, विद्याची उर्मिला मातोंडकर यांनी, भिकूची मनोज बाजपेयी यांनी आणि त्याची पत्नी प्यारी हिची शेफाली शाह यांनी साकारली. भिकूच्या भूमिकेसाठी बाजपेयी यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपट ज्या काळात आला तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या संपानंतर गिरणगावाची घडी विस्कटली आणि अनेक कुटुंबे पुढील काळात ठाणे, कल्याण, डोंबिवली, विरार या दिशांना पांगली. नव्वदच्या दशकात खंडणी, टोळीयुद्ध आणि पोलिसी चकमकी ही रोजच्या वर्तमानपत्राची भाषा झाली. १२ ऑगस्ट १९९७ रोजी संगीतव्यवसायातील उद्योजक गुलशन कुमार यांची अंधेरीत हत्या झाली आणि चित्रपटसृष्टी स्वतःच भयग्रस्त झाली. ज्या व्यवसायाला खंडणीखोरांचा धाक होता, त्याच व्यवसायाने खंडणीखोरांवर चित्रपट काढला. ‘सत्या’ला जी वास्तवाची धार आहे, तिचे एक कारण या परिस्थितीत आहे.

तत्पूर्वीच्या हिंदी गुन्हेगारीपटात नायकाच्या गुन्ह्याला कारण दिले जाई. ‘दीवार’ (१९७५) मधील विजयच्या हातावर त्याच्या बापाची बदनामी गोंदलेली आहे. त्याचे पुढील सारे आयुष्य म्हणजे त्या गोंदणाला दिलेले उत्तर होय. मणिरत्नम यांच्या ‘नायकन’ (१९८७) या तमिळ चित्रपटातही नायकाचे बालपण आणि त्याच्यावरील अन्याय प्रथम दाखविला जातो व नंतर त्याची सत्ता. ‘सत्या’ने ही परंपरा मोडली. सत्याला भूतकाळ नाही. तो कोठून आला, त्याचे आईवडील कोण, आडनाव काय, यांपैकी काहीही चित्रपट सांगत नाही. या मौनाच्या शेजारी भिकू म्हात्रे उभा केल्यामुळे दोघांतील विरोध ठळक होतो.

नाव असलेला आणि नाव नसलेला :

सत्या मुंबईत येतो आणि बारमध्ये काम करू लागतो. त्याच्या वाट्याला अपमान येतो, हप्त्याची मागणी येते. हप्ता मागणाऱ्या पक्याच्या तोंडावर तो वस्तरा चालवतो. यानंतर खोट्या आरोपाखाली तो तुरुंगात जातो आणि तेथे त्याची भिकूशी गाठ पडते. सत्या भिकूपुढे वाकत नाही, दोघांत मारामारी होते आणि त्या न वाकण्यावरच भिकू खूष होतो. पुढे तो सत्याला सोडवतो, राहायला जागा देतो, टोळीत घेतो.

तुरुंगातील या प्रसंगात दोन वृत्ती समोरासमोर येतात. एकाजवळ गमावण्यासारखे काही नाही, म्हणून तो निर्भय आहे. दुसऱ्याजवळ घर, बायको, मुली, मित्र आणि शहरात दबदबा असलेले नाव आहे. तरीही तो निर्भयतेवर भाळतो. प्रेक्षकाला सत्याविषयी कुतूहल वाटते. जीव मात्र भिकूवर जडतो. याचे कारण उघड आहे. जिव्हाळ्याला तपशील लागतो. सत्याजवळ तपशील नाही. भिकूजवळ तो विपुल आहे.

या तपशिलांतील पहिला तपशील त्याचे नाव हाच होय. मराठी समाजात ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नंतरच्या मुलाला भिकू, धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्याची प्रथा होती. दृष्ट लागू नये, काळाने दुर्लक्ष करावे, हा त्यामागील भाव. ‘भिकू’ म्हणजे भीक मागून मिळालेला. असे नाव धारण करणारा मनुष्य जेव्हा स्वतःला राजा म्हणवतो, तेव्हा मराठी वाचकाला त्यात एक विसंगती जाणवते आणि एक वेदनाही. हिंदी प्रेक्षकाला हे नाव केवळ रांगडे वाटेल. मराठी कानाला त्यातून एका आईचे भय ऐकू येते. चित्रपटकर्त्यांनी हा विचार करून नाव ठेवले, असा दावा येथे नाही. नाव एकदा भाषेतून उचलले की भाषेतील अर्थही त्याच्यासोबत येतात, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे.

खडकावरचा प्रश्न :

चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग म्हणजे भिकूचा समुद्रकाठचा आरोळीवजा प्रश्न. सत्ता वाढत असलेल्या टप्प्यावर तो उंच खडकावर उभा राहतो, हात पसरतो आणि मुंबईचा राजा कोण, असे विचारून स्वतःचेच नाव उच्चारतो. सोबत सत्या आहे, पण तो शांत आहे.

प्रसंगाची रचना लक्षपूर्वक पाहिली असता तीन गोष्टी दिसतात. पहिली, भिकू शहरात उभा नाही. तो शहराच्या कडेला, जमीन संपते तेथे उभा आहे. ज्याच्यावर राज्य असल्याचे तो सांगतो, ते शहर त्याच्यापासून दूर आहे. दुसरी, समोर श्रोता नाही. प्रश्नही तोच करतो, उत्तरही तोच देतो. राज्याभिषेकाला साक्षीदार लागतात. येथे साक्षीदार एकच, आणि तोही निनावी. तिसरी, हा आनंदाचा प्रसंग आहे, परंतु आरोळी द्यावी लागते याचाच अर्थ राजेपणाची खात्री नाही. खऱ्या सत्तेला ओरडावे लागत नाही. चित्रपटातील खरा सत्ताधारी भाऊ ठाकूरदास झवले याची सत्ता हुकमावर आणि दूरध्वनीवर चालते.

या प्रसंगाला आडनावाच्या बाजूने पाहिले की चौथा अर्थ प्रकट होतो. म्हात्रे हे आडनाव ठाणे-रायगड किनाऱ्यावरील आगरी, कोळी आदी समाजांत प्रचलित आहे. ‘आगर’ म्हणजे मीठ पिकविण्याची वा भाताची जागा. त्या आगरात राबणारा तो आगरी. मुंबई नावाचे महानगर वसण्यापूर्वीपासून या किनाऱ्यावर भात, मीठ आणि मासळी यांवर जगणारे हे लोक होत. म्हणजे समुद्राकडे तोंड करून या भूमीवर हक्क सांगणारा मनुष्य म्हात्रे असणे, यात एक न उच्चारलेला ऐतिहासिक उपरोध आहे. ज्यांची ही भूमी होती, त्यांच्यापैकी एक नाव येथे आरोळी ठोकते. आणि उत्तर देणारे कोणी नाही.

आडनावामागची भूमी :

बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, माजिवडे ही ठाण्याची गावे याच इतिहासाची साक्ष देतात. खाडीलगतची शेती आणि मासेमारी यांवर उभे असलेले हे गावठाण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलशेत-बाळकुम पट्ट्यात रासायनिक कारखाने आले, पुढे त्यांपैकी अनेक जागांवर उंच निवासी संकुले उभी राहिली. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांचा अनुभव याहून फारसा वेगळा नाही. शेतीची जमीन कारखान्याला आणि कारखान्याची जमीन इमारतीला, असा हा दोन टप्प्यांचा प्रवास आहे. मूळ गाव मात्र अरुंद गल्ल्यांच्या गावठाणात आकसत गेले.

या समाजाचा जमिनीसाठीच्या लढ्याचा इतिहासही मोठा आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली; नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांची जमीन संपादनाच्या कक्षेत आली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलीस गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण या लढ्याच्या परिणामी आले.

म्हात्रे या नावामागे अशी भूमी आणि असा संघटित प्रतिकार असताना, चित्रपटातील भिकूला ना गाव आहे, ना शेत, ना भाऊबंद. त्याची बोलीही आगरी नाही. ‘ण’ चा ‘न’ आणि ‘ळ’ चा ‘ल’ करणारी, स्वतंत्र हेल असलेली ती बोली चित्रपटात ऐकू येत नाही. मनोज बाजपेयी हे बिहारमधील पश्चिम चंपारण्यातील बेलवा गावचे. भिकूच्या बोलण्याचा ढंग त्यांनी आपल्या घरी काम करणाऱ्या, मूळ कोल्हापूरकडील व्यक्तीच्या बोलण्यावरून घेतल्याचे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. अर्थात आडनाव किनाऱ्याचे, हेल देशावरचा, भाषा मुंबईची हिंदी आणि नट चंपारण्यचा, असे हे मिश्रण आहे. अभिनय म्हणून ते विलक्षण प्रभावी ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ओळख म्हणून पाहता ‘म्हात्रे’ हे येथे केवळ ‘मराठी’ या अर्थाचे चिन्ह उरते.

यावर एक आक्षेप संभवतो. भिकूला गाव आणि समाज दिला असता, तर एका विशिष्ट समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला असता. तेव्हा चित्रपटाचे मौन हा दोष नसून संयम आहे, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. ‘सत्या’त गुन्हेगारी ही कोणत्याही जातीची वा प्रांताची मक्तेदारी म्हणून येत नाही, हा त्याचा गुणच होय. तथापि आडनाव ठेवून भूमी वगळल्याने समाज पूर्णतः सुरक्षित राहतो असेही नाही. नाव तर सर्वत्र जाते. त्याचा इतिहास तेवढा मागे राहतो. मग त्या नावाला गुंडाच्या प्रतिमेशिवाय दुसरा लोकप्रिय संदर्भ उरत नाही. चरीचा संप किंवा १९८४ चे आंदोलन यांवर भिकूच्या तोडीचा, घरोघरी पोहोचलेला प्रसंग हिंदी चित्रपटाने दिलेला नाही. उणीव ‘सत्या’ या एका कृतीची नाही. ती एकूण चित्रपटसृष्टीच्या दृष्टीची आहे.

घर आणि टोळी :

भिकूला गाव नाही, पण घर आहे. आणि चित्रपटातील मोठे सामर्थ्य या घरात आहे. भिकू आणि प्यारी यांच्यातील भांडणाचे प्रसंग पाहता येतील. नवरा दिवसेंदिवस घरी फिरकत नाही म्हणून बायको संतापते, शब्दाला शब्द लागतो, हातही उचलला जातो आणि पुन्हा हसण्यात सारे विरघळते. शेफाली शाह यांनी प्यारीला पतीच्या सावलीत राहू दिलेले नाही. बाहेर ज्याच्या नावाने लोक थरथरतात, त्याला घरात जाब विचारणारी एक व्यक्ती आहे. या प्रसंगांतील हिंसा चित्रपट हलक्या हाताने, विनोदाच्या अंगाने दाखवतो, हे मात्र आजच्या वाचनात खटकल्याशिवाय राहत नाही. गुंडाच्या प्रेमळपणाचा पुरावा म्हणून बायकोवर उगारलेला हात वापरणे, ही त्या काळच्या चित्रपटभाषेची मर्यादा होय.

दुसरे घर टोळीचे आहे. कल्लू मामाच्या नावाने चाललेला मद्यधुंद नाचगाण्याचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. सौरभ शुक्ला यांनी साकारलेला, देहाने स्थूल आणि स्वभावाने सावध कल्लू मामा हा टोळीतील वडीलधारा. ‘मामा’ हे नातेवाचक संबोधन येथे केवळ लाडाचे नाही. ज्यांचे गाव सुटले, कारखाना बंद पडला, अशा पुरुषांना नाते पुरवणारी व्यवस्था म्हणून टोळी उभी राहते. आणि ‘मामा’, ‘भाऊ’ ही नाती त्या व्यवस्थेची पदे होतात. मराठीत भाऊ हा शब्द रक्ताचा आधार सांगतो. याच ‘भाऊ’च्या घरी पुढे भिकूचा जीव जातो. सत्या या गाण्यात प्रथमच मोकळा होतो. त्याला मिळालेले हे पहिले कुटुंब खुनाच्या धंद्यावर उभे आहे, हे प्रेक्षक त्या क्षणी विसरतो आणि चित्रपट त्याला विसरू देतो.

एका वर्षाने आलेल्या महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’ (१९९९) शी येथे तुलना उपयुक्त ठरते. तेथील रघुनाथ शिवलकर चाळीतील मराठी घरातला आहे. पावभाजीच्या गाडीपासून त्याची कथा सुरू होते. रीमा लागू आणि शिवाजी साटम यांनी उभे केलेले आईवडील हे त्या चित्रपटाचे न्यायासन आहे. रघू सोन्याची साखळी मिरवतो तीही आईपुढे, आणि अखेर त्याचा शेवट होतो तोही आईच्या हातून. ‘वास्तव’मध्ये घर गुन्हेगाराचा न्याय करते, ‘सत्या’त घर गुन्हेगाराला केवळ जिव्हाळा देते, न्याय करीत नाही. म्हणूनच ‘वास्तव’ पाहून प्रेक्षक हळहळतो, तर ‘सत्या’ पाहून तो भिकूच्या प्रेमात पडतो. नैतिकदृष्ट्या ‘वास्तव’ अधिक स्पष्ट आहे. ‘सत्या’ अधिक अस्वस्थ करणारा आहे.

जमावाचे दोन प्रसंग :

‘सत्या’त जमावाचे दोन प्रसंग अत्यंत महत्त्वाचे आहेत. पहिला चित्रपटगृहातील. सत्या आणि विद्या ‘बॉर्डर’ पाहावयास गेले असता पक्या सत्याला ओळखतो आणि पोलिसांना खबर देतो. पोलीस चित्रपटगृहाची नाकेबंदी करतात. सुटण्यासाठी सत्या गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते आणि त्या गर्दीतून दोघे निसटतात. सामान्य माणसे मात्र पायदळी तुडवली जातात. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चालू असतानाच लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर सुमारे वर्षभराने आलेल्या या प्रसंगाने प्रेक्षकाला त्या आठवणीपुढे उभे केले.

या प्रसंगाचे वेगळेपण असे की चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक पडद्यावर चित्रपटगृहातच बसलेल्या प्रेक्षकाचे मरण पाहतो. तोपर्यंत सत्याच्या गोळ्यांना बळी पडणारे बहुधा त्याच्याच जगातील लोक होते. येथे बळी जातो तो तिकीट काढून आलेला माणूस. विद्या आणि सत्या सुखरूप बाहेर पडले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारा प्रेक्षक आपल्याच मृत्यूवर निःश्वास टाकतो, हे त्याच्या लक्षात येण्यास वेळ लागतो. एवढा कठोर प्रसंग असूनही तो भिकूच्या आरोळीइतका सांगितला जात नाही. ज्या प्रसंगात प्रेक्षक स्वतः आरोपी ठरतो, तो त्याला विसरावासा वाटतो.

दुसरा प्रसंग गणेश विसर्जनाचा. निवडणूक जिंकल्यावर विजयाच्या वातावरणात भाऊ भिकूला ठार करतो. आपल्या हुकमाबाहेर जाऊन गुरू नारायणला मारल्याचा राग त्याने मनात धरलेला असतो. भिकूचा अंत कोणत्याही थाटाशिवाय होतो. ज्याने समुद्राला ओरडून सांगितले, तो एका घरात, आपल्याच माणसांदेखत, हसण्याबोलण्यात मारला जातो. प्रतिकाराची संधी नाही, अखेरचे भाषण नाही. खडकावरील प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात आहे : राजा तो नव्हे, राजा त्याला वापरणारा होता. प्यारीचा शोक या उत्तराला मानवी किंमत देतो.

त्यानंतर चौपाटीवरील विसर्जनाच्या अलोट गर्दीत सत्या भाऊला भोसकतो. गुलाल, ढोलताशे, मूर्तीपुढे हात जोडलेला पुढारी आणि गर्दीतून सरकत येणारा निनावी मारेकरी. सार्वजनिक गणेशोत्सव हे मराठी समाजाच्या एकत्र येण्याचे सर्वात मोठे रूप होय. पुढाऱ्याला या गर्दीतच आपली सत्ता दिसते. मारेकऱ्याला या गर्दीतच आपला आडोसा मिळतो. एकच जमाव दोघांना उपयोगी पडतो आणि जमावाला मात्र दोघांविषयीही काही ठाऊक नाही. समुद्र पुन्हा येतो. पहिल्या वेळी त्याच्याकाठी एकटा भिकू होता. या वेळी सारे शहर आहे आणि भिकू नाही.

शेवटचे दार :

चित्रपटाचा अंत विद्याच्या दाराशी होतो. जखमी सत्या निसटून जाण्याऐवजी तिला भेटावयास येतो आणि पोलिसांच्या गोळीने मरतो. सत्याजवळ सारे उसने होते : जागा भिकूने दिलेली, कुटुंब टोळीचे, प्रेम लपवाछपवीवर उभारलेले. विद्या दार उघडत नाही, कारण त्या दारापलीकडील व्यक्तीला त्याचे खरे नावगाव कधी कळलेच नाही. चित्रपटाच्या अखेरीस सत्यासाठी आणि त्याने मारलेल्यांसाठीही सारखेच दुःख व्यक्त करणारे दिग्दर्शकाचे निवेदन पडद्यावर येते. परंतु हे संतुलन निवेदनातून सांगावे लागते, कारण प्रसंगांनी ते पुरते साधलेले नाही. मारले गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना चित्रपटाने चेहरा दिला. चित्रपटगृहात तुडवल्या गेलेल्यांना नावेही दिली नाहीत.

निष्कर्ष :

१. ‘सत्या’तील स्मरणीय प्रसंग मुख्यतः भिकू म्हात्रेचे आहेत, कारण नायकाकडे नसलेले सारे, म्हणजे नाव, घर, नाती आणि बोलण्याचा ढंग, त्याच्याकडे आहे. प्रेक्षकाचा जिव्हाळा तपशिलाच्या मागे जातो, नैतिकतेच्या मागे नव्हे.

२. खडकावरील आरोळीचा प्रसंग विजयाचा म्हणून स्मरणात राहिला असला, तरी चित्रपटाच्या रचनेत तो पराभवाची पूर्वसूचना आहे. भिकूच्या मृत्यूच्या प्रसंगासह वाचल्यासच त्याचा अर्थ पूर्ण होतो.

३. ‘म्हात्रे’ हे आडनाव चित्रपटाने घेतले. त्यामागील किनारा, बोली आणि भूमीचा लढा घेतला नाही. त्यामुळे एका समाजावर थेट शिक्का बसला नाही हे खरे. परंतु त्या नावाचा इतिहासही लोकप्रिय स्मरणातून बाहेर राहिला.

४. चित्रपटगृहातील चेंगराचेंगरीचा प्रसंग हा ‘सत्या’चा सर्वाधिक प्रामाणिक प्रसंग ठरतो, कारण तेथे प्रेक्षकाची सहानुभूतीच तपासली जाते. त्याचे तुलनेने झालेले विस्मरण अर्थपूर्ण आहे.

५. वर्गात चित्रपटाचे अध्यापन करताना एक प्रसंग सुटा दाखविण्यापेक्षा परस्परांना उत्तर देणारे प्रसंग जोडीने दाखविणे श्रेयस्कर होय. खडकावरील भिकूनंतर भाऊच्या घरातील भिकू, आणि त्याही पलीकडे १९८४ च्या जानेवारीतील उरण विद्यार्थ्यांपुढे आले, तर ‘मुंबईचा राजा कोण’ हा प्रश्न नकलेचा विषय न राहता या भूमीवर कोणाचा हक्क होता आणि तो कसा गेला, या विचाराचा आरंभ ठरू शकेल.